आईच्या अंगठ्याचा खळगा

"सूज आहे म्हणता मॅडम, पण कुठे?" आईने विचारलं, आणि मी तिला गप्प केलं.

प्रसंग एवढाच. बाबांचा टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, नुकताच झाला होता. ते टेबलावर बसून छातीवरची थंडगार, चिकट जेली कागदाने पुसत होते आणि घाईत बनियन उलटा घातला गेलाय हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. डॉक्टर माझ्याहून आठ-दहा वर्षांनी लहान असतील. पडद्यावरच्या करड्या, थांबवून ठेवलेल्या चित्राकडे पेनने दाखवत त्या म्हणाल्या, "काका, अ‍ॅटॅक तीन वर्षांपूर्वी येऊन गेला, तो विषय संपला. पण त्यानंतर आत जी सूज राहते ना, ती संपलेली नाही. ही भिंत बघा, हलतच नाही. आणि ही शेजारची, हिला तेव्हा काहीही झालं नव्हतं, पण आता हीसुद्धा आळसावलीय." सूज म्हटल्याबरोबर आई खाली वाकली. बाबांच्या घोट्यावर तिने अंगठा दाबला, उचलला, पाहिलं आणि तो प्रश्न विचारला. डॉक्टर हसल्या, चांगलं हसल्या, "काकू, ती सूज वेगळी, ही वेगळी." आई पुढे काही विचारणार एवढ्यात मी म्हटलं, "आई, बाहेर वीस माणसं बसलीयेत, तू गप्प बस ना जरा." तिने पदर सारखा केला, फाइलची पिशवी छातीशी धरली आणि नाशिकच्या गंगापूर रोडवरून निघाल्यापासून द्वारकेच्या सिग्नलपर्यंत एक शब्द बोलली नाही. द्वारकेला नेहमीप्रमाणे गाडी वीस मिनिटं अडकली. तिथे ती फक्त म्हणाली, "उन्हं फार झालीत."

आईच्या अंगठ्याबद्दल सांगायला हवं. बाबांचं हृदय अशक्त झाल्यापासून त्यांच्या पायात पाणी साठतं. पंप नीट चालत नाही, मूत्रपिंडांना वाटतं शरीरात पाणीच कमी आहे, म्हणून ती मीठ आणि पाणी धरून ठेवतात, आणि ते पाणी उतारावर जाऊन बसतं. मला हे डॉक्टरांकडून कळलं. आईला हे कळायच्या आधीच मोजायला येत होतं. सकाळी बाबा उठून पलंगावरून पाय खाली सोडतात तेव्हा ती समोर पाट घेऊन बसते. घोट्याच्या वर, नडगीच्या कडेला अंगठा दाबून धरते आणि मनात काहीतरी मोजून उचलते. जिथे पाणी असतं तिथे खळगा पडतो. कणकेत बोट रुतावं तसा, कडा गुळगुळीत असलेला, आणि तो भरून यायला वेळ लागतो. मग ती जरा वर दाबते, आणखी वर, जिथे खळगा पडणार नाही तिथपर्यंत. आणि बाबांना सांगते, "आज पायाशी आहे," किंवा "आज गुडघ्याला लागलंय." ही भाषा कुठली आहे हे नाशिकच्या माणसाला सांगायला नको. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की अजूनही आमच्याकडे कुणी क्युसेकचा आकडा विचारत नाही. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर आलं, एवढंच विचारतात. गुडघ्याला, कमरेला, छातीला. गळ्याशी आलं की सराफ बाजारातले लोक दुकानं रिकामी करायला लागतात. आई पंचवटीत वाढलेली. तिने आपल्या नवऱ्याच्या पायालाच दुतोंड्या करून टाकलं होतं, आणि तिचा आकडा वजनाच्या काट्याच्या दोन दिवस आधी बरोबर निघायचा.

त्यामुळे "सूज" हा तिचा विषय होता. त्यातली जाणकार ती होती. आणि मी तिला गप्प केलं.

घरी येऊन मला जे खुपत राहिलं ते हे की डॉक्टर आणि आई एकच शब्द वापरत होत्या आणि दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत होत्या. आपल्याकडे पाणी साचलं तरी सूज आणि आतून पेटलं तरी सूज. पुस्तकी मराठीत दुसरीला दाह म्हणतात. चांगला शब्द आहे, पण दवाखान्यात कोणी वापरत नाही. दाह म्हटलं की लोकांना उन्हाळा नाहीतर पित्त आठवतं. दोन हजार वर्षांपूर्वी सेल्सस नावाच्या रोमन लेखकाने या दाहाची चार लक्षणं लिहून ठेवली: लाली, सूज, ऊब, वेदना. बोटात काटा मोडला की चारही दिसतात. पुढे त्यांत पाचवं जोडलं गेलं, त्या अवयवाचं काम मंदावणं. आता बाबांच्या हृदयाचं पाहा. लाली कोण बघणार? ऊब कुणाला लागणार? वेदना त्या एका रात्रीपुरती होती, पुन्हा कधी झाली नाही. उरलं फक्त पाचवं. पूर्वी नाशिकरोड स्टेशनचा जिना बाबा एका दमात चढायचे. आता सातव्या पायरीवर थांबून, जणू फलाटावर कोण आलंय ते पाहत असल्यासारखं करतात. आईचा "कुठे?" हा प्रश्न अडाणी नव्हताच. चार लक्षणं गायब असलेल्या दाहाबद्दल विचारण्यासारखा तो एकमेव प्रश्न होता.

कोरोनात आपण सगळे सीआरपी शिकलो. व्हॉट्सअ‍ॅपवर लोक एकमेकांचे सीआरपी परीक्षेच्या मार्कांसारखे विचारत होते. हे प्रथिन 1930 साली न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तात पहिल्यांदा सापडलं. ते यकृतात तयार होतं आणि शरीरात कुठेतरी पेटलंय एवढंच सांगतं. कुठे, ते सांगत नाही. म्हणजे आईच्या प्रश्नाला तिथेही उत्तर नाहीच.

हल्ल्याची ती रात्र एप्रिलची. दोन वाजता बाबांना छातीत भरल्यासारखं झालं, आणि संध्याकाळी मिसळ खाल्ली होती म्हणून त्यांनी ते पित्तावर ढकललं. सोडा घेतला. अंगणात फेऱ्या मारल्या. आईला उठवलं नाही, कारण "तिला बीपी आहे". साडेसहाला दूधवाला आला तेव्हा ते पायरीवर घामाने निथळत बसलेले होते. स्टेंट पडला, नळी उघडली, सगळ्यांनी देवाचे आभार मानले. साडेचार तासांहून जास्त बंद राहिलेल्या नळीच्या पलीकडे जो स्नायू मेला त्याबद्दल तेव्हा कुणी काही बोललं नाही, किंवा बोललं असेल तर आम्ही ऐकलं नाही. डिस्चार्जच्या कागदावर फक्त एक आकडा होता, 45 टक्के. निरोगी हृदय प्रत्येक ठोक्याला आपल्या डाव्या कप्प्यातलं साधारण 55 ते 70 टक्के रक्त बाहेर फेकतं. 45 म्हणजे काठावर पास. आम्हाला वाटलं आता सुधारेल. या वेळच्या कागदावर 35 होतं. हल्ला एकच झाला होता. दुसरा झालेला नव्हता. नळ्या उघड्या होत्या, गोळ्या वेळेवर चालू होत्या. मग मधले दहा टक्के कुणी नेले?

याचं उत्तर शोधायला मी बरंच वाचलं, आणि वाचताना मला सारखं ते पहिले पंधरा दिवस आठवत राहिले. हॉस्पिटलात बाबा होते आणि घरी पाहुणे. आतही तेच चाललेलं होतं. स्नायू मेला की पेशी फुटतात, आतला माल बाहेर सांडतो आणि त्या सांडलेल्या मालाचीच हाक बनते. काही तासांत रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी धावून येतात. त्या दांडगट असतात, साफसफाई करताना शेजारच्या जिवंत पेशींनाही धक्के देतात. मग दोन-तीन दिवसांत मोनोसाइट या दुसऱ्या पांढऱ्या पेशी येतात, हाडांच्या मगजातून आणि प्लीहेतूनसुद्धा. प्लीहेत त्यांचा राखीव साठा असतो, हे 2009 साली उंदरांवरच्या अभ्यासात दिसलं. भिंतीत शिरल्यावर त्यांचे महाभक्षक होतात आणि ते मेलेला स्नायू अक्षरशः खाऊन टाकतात. या दिवसांत ती जागा इतकी मऊ असते की भिंत फुटण्याचं भय असतं. म्हणून फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी पुढे येतात आणि कोलॅजनचे धागे विणून ठिगळ लावतात. ठिगळ आकुंचन पावत नाही, पण फाटतही नाही. हे सगळं व्हावंच लागतं. हे झालं नसतं तर बाबा त्या एप्रिलमध्येच गेले असते.

आमच्याकडे तेव्हा धुळ्याहून मामा आले होते. मामांनी पहिल्या चार दिवसांत जे केलं ते कुणी सख्ख्यानेही केलं नसतं. बिलाच्या रांगा, रक्ताची सोय, रात्रीचं जागरण. पण बाबा घरी आले तरी मामा राहिले. मग बाबांचं जेवण ते ठरवायला लागले, टीव्हीचा रिमोट त्यांच्याकडे गेला, आणि महिन्याने आई मला फोनवर दबक्या आवाजात विचारायला लागली, "त्यांना कसं सांगायचं गं?"

हृदयालाही ते सांगता येत नाही. गेल्या दहा-पंधरा वर्षांत शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं की हृदयात दोन गोत्रांचे महाभक्षक असतात. एक घरचे, आपण आईच्या पोटात असताना तिथे वस्तीला आलेले, झाडलोट करणारे, शांत. दुसरे रक्तातून आलेले, बोलावल्यावर धावून आलेले आणि पेटलेले. काम झालं की या दुसऱ्यांनी आवरतं घ्यायचं असतं. काहींच्या बाबतीत ते घेत नाहीत. इंटरल्यूकिन-1 सारखे निरोप सोडत राहतात, आणि ते निरोप ऐकून फायब्रोब्लास्ट विणत राहतात. जखमेच्या जागी नव्हे, जिथे जखमच नव्हती तिथे. चांगल्या स्नायूच्या मधूनमधून कोलॅजनच्या रेघा पडतात. भिंत ताठर होते, कप्पा ताणला जातो. मुळात लांबट असलेलं हृदय हळूहळू चेंडूसारखं गोल व्हायला लागतं, आणि गोल हृदयाला पिळता येत नाही. ताणलेली भिंत पुन्हा हाक मारते, पुन्हा पेशी येतात. रक्तदाबाच्या आणि ताणाच्या संप्रेरकांचाही यात हात असतो. एकट्या दाहाच्या माथी सगळं मारण्यात अर्थ नाही. पण ते मधले दहा टक्के असे गेले होते. चोर बाहेरून आलाच नव्हता.

बाबांची नेहमीची तक्रारही मला इथे उलगडली. "मला बीपी नाही. उलट वरचं शंभरच असतं. मग बीपीच्या तीन गोळ्या कशाला?" केमिस्टपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांना त्यांनी हे विचारून झालंय. त्या गोळ्या बीपीसाठी नसतातच. हृदयाचा आकार आणखी बिघडू नये, ते विणकाम मंदावावं म्हणून असतात. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग पाकिटावर तसं छापायला काय जातं?" छपाईच्या बाबतीत बाबांशी वाद घालायचा नसतो. उभी हयात करन्सी नोट प्रेसमध्ये गेली त्यांची.

छपाईपेक्षा तपासणीत जास्त वर्षं. छापलेले ताव समोर यायचे आणि त्यांतला डाग, सरकलेला रंग, अर्धवट उमटलेला आकडा शोधायचा. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी भाजीवालीने दिलेली दहाची नोटसुद्धा ते बोटांत फिरवून, उजेडात धरून मग खिशात घालतात. म्हणून आत्याची गोष्ट त्यांना समजावताना मला प्रेसचाच आधार घ्यावा लागला.

आत्या बाबांची धाकटी बहीण. जुन्या नाशकातल्या वाड्यात, दोन खोल्यांत अकरा माणसं, भिंतींना ओल, आणि पावसाळ्यात एकाचा खोकला सगळ्यांना. आठ-नऊ वर्षांची असताना तिचा घसा दुखला, ताप आला आणि गेला. पंधरा-वीस दिवसांनी सांधे धरले. आज गुडघा, परवा कोपर, तेरवा मनगट. आजीने निर्गुडीचा पाला बांधला. वाढत्या अंगाची दुखणी, असं म्हटलं, आणि सांधे खरंच बरे झाले, कसलाही मागमूस न ठेवता. चौदा वर्षांनी पहिल्या बाळंतपणात तिला दोन जिने चढवेनात. रात्री आडवं झाल्यावर श्वास लागायचा, उशांना टेकून बसून झोपायची. मुंबईला नेल्यावर कळलं की हृदयाची एक झडप चिकटून अरुंद झाली आहे. तेव्हाच्या पद्धतीने सर्जनने धडधडत्या हृदयात बोट घालून ती झडप मोकळी केली. हे लहानपणी ऐकलं तेव्हा मला ती बढाई वाटायची. पण खरोखरच तशी शस्त्रक्रिया होत असे. लासेग नावाच्या फ्रेंच डॉक्टरने 1884 साली या संधिवाती तापाबद्दल लिहून ठेवलं होतं की हा सांधे चाटतो आणि हृदयाला चावतो. आजीला चाटलेलं दिसलं. चावलेलं दिसायला चौदा वर्षं लागली.

आणि चावणारा जंतू नव्हताच, तो केव्हाच मेला होता. घशातल्या स्ट्रेप्टोकॉकसच्या अंगावरचं एक प्रथिन आपल्या हृदयातल्या एका प्रथिनाशी मिळतंजुळतं असतं. शरीर जंतूची ओळख पक्की करतं, शस्त्रं घडवतं, आणि मग त्या ओळखीने स्वतःच्याच झडपेकडे बघतं. बाबांनी हे ऐकून बराच वेळ काही म्हटलं नाही. मग म्हणाले, "म्हणजे नकली पकडण्याच्या नादात अस्सल नोटा रद्द केल्या." आणि थोड्या वेळाने, "तपासणारा चुकला की तसंच होतं. जास्त हुशार तपासणारा जास्त चुकतो." आत्याला पुढे कित्येक वर्षं दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यावं लागायचं. ते दुधासारखं पांढरं, घट्ट औषध असायचं, सुई जाड, आणि दोन दिवस कंबर जड व्हायची. जंतू पुन्हा घशात येऊ नये आणि शरीराला पुन्हा ती चूक करायची संधी मिळू नये, एवढ्यासाठी. ती हसून म्हणायची, "तुमची संकष्टी महिन्याने, माझी एकवीस दिवसांनी." ज्या दिवशी इंजेक्शन असेल त्या दिवशी ती खरंच गोड खायची.

मग ही आग सरळ विझवायची का नाही? हा प्रश्न मला पडण्याआधी बाबांना पडला आणि त्यांनी आपल्या पद्धतीने सोडवला. गेल्या थंडीत गुडघे धरले होते. कपाटात जुन्या दाहशामक गोळ्यांची पट्टी होती. "दाहच कमी करायचा ना? मग ही गोळी दाहावरचीच आहे, गुडघ्याचंही भागेल आणि हृदयाचंही." आठ दिवस आईला न सांगता रोज दोन. नवव्या दिवशी सकाळी आईचा अंगठा घोट्यावरून निघाला तो नडगी ओलांडून गुडघ्याच्या वाटीपर्यंत थांबेना. या वेदनाशामक गोळ्या मीठ-पाणी धरून ठेवतात आणि कमजोर हृदयाला त्या घातकच. पाण्याच्या गोळीचा डोस वाढवून चार दिवसांत पूर ओसरला. पण आईने पूर्ण आठवडा बाबांशी फक्त कामापुरतं बोलणं ठेवलं. मला मात्र बाबांचा तर्क पूर्ण चुकीचा वाटेना. जगभरच्या मोठमोठ्या डॉक्टरांनीही याच तर्काने हात पोळून घेतलेत. या शतकाच्या सुरुवातीला हृदय निकामी होत चाललेल्या रोग्यांना टीएनएफ हा दाहाचा निरोप्या अडवणारी औषधं देऊन पाहिली. फायदा झाला नाही, आणि एका औषधाच्या मोठ्या डोसाने रोग्यांची तब्येत उलट बिघडली. 2017 साली इंटरल्यूकिन-1चा एक प्रकार अडवणाऱ्या इंजेक्शनची चाचणी प्रसिद्ध झाली. हल्ला येऊन गेलेले दहा हजारांवर रोगी होते. पुढचे हल्ले, पक्षाघात आणि हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकाराने होणारे मृत्यू मिळून साधारण 15 टक्क्यांनी घटले, पण संसर्गाने दगावणारे किंचित वाढले. पहारेकऱ्याला झोपवलं की चोर येणारच.

आणि मग एक नाव भेटलं ज्याने मी खुर्चीत सरळ झाले. कॉल्चिसिन. सांधेदुखीच्या एका जुन्या प्रकारावर शतकानुशतकं दिलं जाणारं वनस्पतीजन्य औषध. ताज्या हल्ल्यानंतर त्याची अगदी छोटी मात्रा रोज दिली तर काय होतं, हे 4745 रोग्यांवर तपासलं गेलं. 2019च्या त्या चाचणीत हृदयाचे पुढचे त्रास 23 टक्क्यांनी कमी आढळले. 2023 साली अमेरिकेत हृदयरोग्यांसाठी त्याला परवानगी मिळाली. 2024 साली सात हजारांवर रोग्यांच्या आणखी मोठ्या चाचणीत मात्र काहीच फरक दिसला नाही. म्हणजे निकाल अजून लोंबकळताच आहे. पण मी सरळ झाले ते आकड्यांमुळे नाही. कॉल्चिसिन ज्या झाडांपासून काढतात त्यांतलं एक म्हणजे आपली कळलावी! श्रावणात अंजनेरीच्या बाजूला गेलं की कुंपणांवर चढलेली दिसते. पानाच्या टोकालाच आधाराला वेटोळं घालणारा तंतू असतो, आणि पिवळ्या-लाल पाकळ्या वर उसळलेल्या. म्हणून तर तिला अग्निशिखा म्हणतात. विषारी इतकी की कंद पोटात गेला तर माणूस वाचणं कठीण. आत्या फुलाला हातसुद्धा लावू द्यायची नाही, घरात आणलं तर भांडणं लागतात म्हणायची. पेटलेल्या ज्वाळेसारखं फूल, कळ लावणारं नाव, आणि त्याच्या विषातून काढलेला कणभर अंश आतली कळ मिटवण्यासाठी. बाबांच्या डॉक्टरांना मी विचारलं. त्यांनी बाबांच्या मूत्रपिंडाचा रिपोर्ट दाखवला आणि "यांना नको" म्हणून विषय संपवला.

विझवायची ती आग, पण किती आणि कधी, हाच खरा पेच. पहिल्या आठवड्यात विझवली तर ठिगळ लागणार नाही. उशीर केला तर ठिगळ भिंतभर पसरलेलं असतं. आणि एकदा पसरलं की ते जागा सोडत नाही, कारण हृदयाचा स्नायू पुन्हा उगवून त्याला ढकलत नाही. जवळजवळ उगवतच नाही. स्टॉकहोममधल्या शास्त्रज्ञांनी 2009 साली हे ज्या युक्तीने मोजलं ती मला फार आवडते. 1963च्या करारापर्यंत देश उघड्यावर अणुचाचण्या करत होते, आणि त्यामुळे हवेत एका जातीचा कार्बन वाढला होता. तो तेव्हा जन्मलेल्या प्रत्येक पेशीत शिरला. त्या खुणेवरून पेशीचं वय काढलं. पंचविशीत वर्षाला शंभरातली एक हृदयपेशी बदलते, पंच्याहत्तरीत अर्धीसुद्धा नाही. म्हणजे बाबांच्या छातीतला बराचसा स्नायू तोच आहे, जो वाड्याच्या अंगणात लहान बहिणीच्या मागे धावत होता.

गेल्या महिन्यात बाबांना फिरायला म्हणून रामकुंडावर घेऊन गेले. 2027च्या सिंहस्थाची धावपळ आहे, जिकडेतिकडे खोदलेलं, पत्रे लावलेले. 2003च्या सिंहस्थाच्या वेळी इथे नदीच्या पात्रात काँक्रीट ओतलं, जुनी कुंडं त्याखाली गेली, मग ते काढावं म्हणून लोक न्यायालयात गेले आणि काही ठिकाणी ते फोडलंही गेलं. आई मला लहानपणी या कुंडांची नावं म्हणून दाखवायची, प्रत्येकाचं पाणी वेगळं लागायचं म्हणे, कुठलं गार, कुठलं कोमट. मी बाबांना म्हटलं, "तुमच्या हृदयात अगदी हेच झालंय. गर्दीच्या वेळी घाईने टाकलं, आणि मग राहिलं." मला वाटलं, फार समर्पक बोलले. बाबा पायरीवर बसून दम घेत होते. म्हणाले, "उगाच नावं ठेवू नकोस. लाखो माणसं या चिखलात उतरवायची होती त्यांना. तू तेव्हा नव्हतीस इथे." मग जरा थांबून, पाण्याकडे बघत, "पण खालचे झरे होते खरे. पाय ठेवला की कळायचं." यावर आम्ही दोघंही गप्प बसलो. एक पोरगा दोरीला चुंबक बांधून पाण्यातली नाणी काढत होता.

रविवारी मी नाशिकरोडला राहायला गेले होते. सकाळी आई पाट घेऊन बसली तेव्हा मी तिच्या शेजारी जमिनीवर बसले आणि म्हटलं, "आई, त्या दिवशी तू विचारलंस ना, सूज कुठे म्हणून. तुझं बरोबर होतं." तिने वर न बघता विचारलं, "मग कुठेय?" मी बाबांच्या छातीकडे बोट केलं, मग ते थोडं डावीकडे सरकवलं, मग खाली घेतलं. आई म्हणाली, "राहू दे. इकडे हात आण." तिने माझा अंगठा धरून बाबांच्या घोट्यावर ठेवला. कातडी थंड आणि ताणलेली, केळीच्या सोपटासारखी. "दाब. आणखी. घाबरू नकोस, त्यांना दुखत नाही." मी दाबून धरला. "आता उचल, आणि मोज." खळगा पडला होता, माझ्या अंगठ्याएवढा. मी मनात आकडे म्हणत होते आणि आई तोंडाने. तिच्या सातला आणि माझ्या नवाला तो भरला.

"कुठवर आहे?" बाबांनी पेपरामागून विचारलं.

"पायऱ्यांच्या खालीच आहे अजून," आई म्हणाली, आणि उठून कॅलेंडरवर आजच्या चौकोनात काहीतरी लिहून आली.